नारळ कोणता अन् पोट कोणतं

'तितिरमारे परिवार' या व्हॉट्सअ‍ॅप गटात त्रेचाळीस माणसं होती. त्यांतली निम्मी एकमेकांच्या दारात उभी राहत नव्हती, पण सकाळचं गुलाबाचं फूल मात्र सगळी नेमाने पाठवायची. त्या गुरुवारी सकाळी फुलांच्या वर मेघाचा फोटो होता. बुधवारी आसगावात तिची ओटी भरली, आणि संध्याकाळी बुटीबोरीच्या ड्युटीवर परत जाता जाता मंगेशने बसमधूनच बायकोचा फोटो गटात टाकला. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर मिरवण्याजोगं काही हाती आलं होतं, त्याला कसला धीर धरवतो!

हिरवा शालू, शेवंतीच्या फुलांचे दागिने आणि दोन्ही हातांनी पुढे धरलेला भरला पदर. पदरात नारळ, खण, तांदूळ, पाच फळं. डिंपलने, म्हणजे मेघाच्या नणंदेने, फोटो अगदी समोरून काढला होता. त्याखाली नागपूरच्या एका चुलतदिराने लिहिलं होतं, "वहिनी, नारळ कोणता अन् पोट कोणतं?"

त्यावर सतरा जण हसले होते. सतरावं नाव होतं मंगलाबाईंचं. मंगलाबाई म्हणजे मेघाच्या सासऱ्यांची थोरली बहीण. त्या लाखनीहून ओटीसाठी आल्या होत्या आणि या क्षणी याच घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, खाटेवर बसून मेघाच्याच हातचा चहा पीत होत्या.

मेघाने सतराही नावं एकेक करून वाचली आणि मंगेशला फोन लावला.

"डिलीट करतो," तो आधीच घाबरलेला होता. "मजाक करून राहिले ते. तू मनावर नको घेऊ."

"डिलीट नका करू. राहू द्या तिथंच. मी दुसरा टाकते."

"दुसरा कोणता?"

"काढायचा हाय अजून," असं म्हणून तिने फोन ठेवला.

दुपारी एकला तिचा भाऊ गोपीचंद गाडी घेऊन येणार होता. बाळंतपणासाठी ती साकोलीला, माहेरी जाणार होती. म्हणजे गावातून बाहेर पडायचं, आणि दोन-अडीच महिन्यांनी कुशीत मूल घेऊन परत यायचं. त्या दिवशी आसगावातली माणसं बाळाचं नाक कोणावर गेलं ते बघणार नाहीत, 'कुठून आणलं असंल?' असं एकमेकांना डोळ्यांनी विचारतील. हे मेघाला स्पष्ट दिसलं. हाडापेराने ती रुंद, उंच. आठवा महिना संपत आला तरी शालूखाली काही दिसत नव्हतं, हे खरंच होतं. पण ज्या पोटासाठी अकरा वर्षं घालवली, ते पोट नारळ ठरावं?

ती स्वयंपाकघरात गेली. सासूबाई भाकरी थापत होत्या, डिंपल चुलीपाशी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती.

"आई, मी फोटो काढल्याबिगर साकोलीले जाणार नाही."

"कशाचा फोटो?" सुलोचनाबाईंचा हात परातीतच थांबला.

"पोटाचा. असा, का रस्त्यानं जाणाऱ्यालेबी दिसलं पाहिजे."

"अगं बाई! पोटाचा फोटो काढतेत का कोणी? झाकून ठेवायची गोष्ट ते."

"झाकलं म्हणूनच तं झालं ना हे सारं!"

तव्यावरची भाकरी करपायला लागली तेव्हा डिंपलने ती उलटवली.

झाकलं कोणी, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तिसऱ्या महिन्यात नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी 'जपा' एवढंच सांगितलं आणि सुलोचनाबाईंनी ते शब्दशः नाही, त्याच्या दसपट घेतलं. कोणाला कळायला नको, कोणाचा डोळा पडायला नको. पण सून घराबाहेर पडत नाही, धानाच्या रोवणीला येत नाही, लग्नाकार्यात दिसत नाही, त्याचं काही तरी कारण द्यावं लागतं. तेव्हा त्यांनी सांगून टाकलं की मेघाच्या मणक्यात गॅप आहे. चिखलात वाकून वाकून आसगावातल्या दर तिसऱ्या बाईच्या मणक्यात गॅप असतो, त्यामुळे कोणी खोदून विचारलं नाही. उलट सल्ले आले. कोणी पट्टा सुचवला, कोणी पवनीचा वैद्य सांगितला. मंगलाबाईंनी तर लाखनीहून महिन्याला एक अशा तेलाच्या चार बाटल्या येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवल्या, रोज फोन करून 'चोळलं का?' म्हणून विचारलं. सुलोचनाबाई 'चोळलं, चोळलं' म्हणत राहिल्या. ते तेल तुलारामांच्या, म्हणजे मेघाच्या सासऱ्यांच्या, गुडघ्यांना गेलं, आणि गुडघे चांगलेच सुधारले, ही गोष्ट वेगळी.

मग एक दिवस एकदम ओटीभरणाचं बोलावणं गेलं. चार महिने ज्या बाईच्या मणक्यात गॅप होता, ती आठव्या महिन्याची गर्भार निघाली! गावाने काय समजायचं? सुलोचनाबाई हे कालपासून स्वतःशी घोकत होत्या. नजर लागू नये म्हणून जे बोललो, त्याचीच नजर लागली. पण हे सुनेपुढे कबूल करायला जीभ वळत नव्हती. पंचवीस वर्षं या घराचं ऐकून घेतल्यावर आता कुठे दहा वर्षं घर त्यांचं ऐकत होतं.

"फोटोबिटो काही नको," त्या शेवटी म्हणाल्या. "लोकं बोलतेत अन् विसरतेत."

"विसरत नाहीत," दारातून तुलाराम म्हणाले.

ते केव्हा येऊन उभे राहिले, कोणाला कळलं नव्हतं. तुलाराम हा गृहस्थ घरात बोलला तर 'पाणी दे' आणि 'दिवा लाव' एवढंच बोलायचा. त्यामुळे सगळ्यांनी वळून पाहिलं.

"काल पानठेल्यावर पुंडलिकराव भेटला," ते म्हणाले. "म्हणते, तुलारामभाऊ, पोट्टं कवा आणून राहिले?"

"मंग त्यात काय अजी," सुलोचनाबाई म्हणाल्या, "विचारलं त्यानं."

"होणार कवा, असं नाही विचारलं त्यानं. आणून कवा राहिले, म्हणते. आणून! बाजारातून आणते तसं. अन् चार जण होते तिथं, एकबी नाही म्हणला का असं काहून बोलतं. मी पान न खाता घरी आलो."

पान न खाता तुलाराम घरी आले, यावरूनच काय ते समजायचं. त्यांना काल जेवणही गेलं नव्हतं, आणि तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की ओटीच्या खिरीने पोट भरलं असेल. आता त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून कमरेला बांधला.

"कुठं काढायचा फोटो, सांग बेटा. जागा करून देतो."

वहिनी मान खाली घालून रडेल असं डिंपलला वाटलं. पण मेघाने डोळे पुसले नाहीत, कारण ते भरलेच नव्हते. तिने शालू काढायला पेटी उघडली.

पहिला फोटो सपरीत झाला. भिंतीला टेकून उभं केलं, डिंपलने फ्लॅश मारला. फोटोत मेघा होती, शालू होता, बँकेचं कॅलेंडर होतं, मागे दोरीवर तुलारामांचं धोतर होतं. पोट नव्हतं. खाटेवरून मंगलाबाईंनी एक नजर टाकली आणि पुन्हा आपली पिशवी भरायला घेतली. साडेदहाची बस त्यांना धरायची होती.

दुसरा अंगणात. ऊन थेट तोंडावर. मेघाचे डोळे मिटले, कपाळ चकाकलं, अंग सपाट.

तिसऱ्या वेळी डिंपलने मोबाइलमध्ये काही तरी दाबलं आणि ओरडली, "वहिनी, पाहा! काय दिसून राहिली तू! हिरोईन!"

मेघाने पाहिलं. गाल गोरे झाले होते, हनुवटी निमुळती झाली होती आणि कंबर, लग्नातही नव्हती इतकी बारीक.

"पोट कुठं गेलं?"

"ते… तो आपोआप कमी करते थोडं. ब्युटी मोड हाय ना. सगळ्यायले बारीकच पाहिजे असते."

"मले नाही पाहिजे! माहं आठ महिन्यांचं लेकरू खाऊन टाकलं तुह्या मोबाइलनं!"

डिंपलला हसू आवरेना, आणि मग मेघालाही. दोघी अंगणात हसत उभ्या राहिल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुलोचनाबाई हे सगळं पाहत होत्या. फोटो काढू नये असं त्यांना अजूनही वाटत होतं. पण त्याहून जास्त त्यांना काही तरी वेगळंच खुपत होतं, आणि ते काय हे त्यांना आत्ता उमगलं. पोरी उजेड चुकीच्या बाजूने घेत होत्या.

सुलोचनाबाईंचं माहेर तुमसरचं. लग्नाआधीची पाच वर्षं त्यांनी राइस मिलमध्ये तांदूळ निवडला होता. शेडमध्ये बायकांची रांग बसायची. नवी पोरगी आली की उजेडाकडे तोंड करून बसायची, बरं दिसेल म्हणून, आणि तिच्या सुपात हमखास खडे राहायचे. कारण समोरून उजेड पडला की दाणा अन् खडा एकसारखेच सपाट, पांढरे. म्हातारी मुकादमीण यायची आणि पोरीला खांद्याला धरून फिरवायची. उजेड बाजूने पडला की प्रत्येक दाण्याला आपली सावली येते, फुगीर असेल ते फुगीर दिसतं, तुटकं असेल ते तुटकं.

त्यांनी पिठाचे हात धुतले आणि बाहेर आल्या.

"अगं, सूर्याले तोंड देऊन काहून उभं केलं तिले? असं कधी काही दिसते का?"

"मंग कसं, आई?" डिंपल म्हणाली.

"कोठीत चला. अन् तो शालू काढ आधी. शालू म्हणजे पोतं, त्यात कोण हाय काय कळते?"

कोठी म्हणजे घराच्या बाजूची लांबोडी खोली. तिला एकच दार, उत्तरेला. आत नव्या धानाची पोती छातीपर्यंत रचलेली. तुलारामांनी एकट्याने नऊ पोती हलवली, गुडघ्याचं नाव न काढता. मोकळ्या झालेल्या भिंतीवर सुलोचनाबाईंनी काळी घोंगडी लावली, वरची टोकं खुंट्यांना अडकवली. मग पेटीच्या तळातून स्वतःची एक जुनी सुती साडी काढली. पंधरा वर्षं धुऊन धुऊन ती इतकी मऊ झाली होती की अंगाला लागली की अंगाचीच व्हायची. मेघाला त्यांनी ती स्वतः नेसवली. पदर वर खांद्यावर नेला, पोटावरून एकच पातळ घडी घेतली.

"आता दाराले खांदा दे. तोंड नाही, पाठ नाही, खांदा. हां. एक हात खाली, एक वर. नारळ धरल्यासारखा नको धरू. अंगावरून माशी उडवतो तसा हलका ठेव."

डिंपलने मोबाइल उभा धरला. उत्तरेचा उजेड मऊ होता, बाजूने येत होता. तरीही काही तरी चुकत होतं. सुलोचनाबाई जवळ आल्या, डोळे बारीक करून सुनेकडे पाहत राहिल्या.

"पोट आत कायले ओढून राहिली?"

"कुठं ओढून राहिली?"

"ओढून राहिली तू. श्वास धरला हाय. सोड."

मेघाने खाली पाहिलं. खरंच. तिने श्वास धरला होता, पाठ वाकवली होती, खांदे पुढे आणले होते. दार वाजलं की असं उभं राहायचं, शेजारीण आली की असं, दूधवाला आला की असं. पाच महिने ती अशीच उभी राहत आली होती आणि आता एकटी असतानाही तशीच उभी राहायची.

"तुम्हीच सांगतलं होतं, आई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती आठवण होती, आणि म्हणूनच ते सुलोचनाबाईंना जास्त लागलं.

त्यांनी अकरा वर्षांत सुनेला वांझ म्हटलं नव्हतं, एकदाही नाही. गावात कोणी म्हटलं तर त्या भांडल्या होत्या. याचा त्यांना अभिमान होता. आणि देवाने दिलं, तेव्हा मात्र त्यांनीच तिला चोरासारखं उभं राहायला शिकवलं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"हो, मीच सांगतलं," त्या म्हणाल्या. "आता मीच सांगून राहिली. सोड. ताठ उभी राह्य."

मेघाने श्वास सोडला. पाठ सरळ केली. पातळ साडीखाली पोट पुढे आलं, गोल, खाली थोडं जड. उत्तरेच्या उजेडाने त्याची एक कड उजळली आणि दुसरीकडे सावली पडली. डिंपल फोटो काढत राहिली.

"झाला! टाकू गटात?"

"टाक की," दारातून मंगलाबाई म्हणाल्या. त्यांच्या खांद्याला पिशवी होती, पायात चपला होत्या. "फोटो काय, मोबाइलात आजकाल काहीबी करता येते. मघा तिचं पोट गायब केलं ना या पोरीनं? तसं आता पोट लावलं म्हणतील."

डिंपलचा अंगठा थांबला. तुलाराम पोत्यावरून उठले.

"बाई, तूबी असं म्हणतं का?"

"मी नाही म्हणत. लोकं म्हणतील."

"तुम्ही हसल्या ना पण काल," मेघा म्हणाली. तिने जागा सोडली नव्हती, हात पोटावरच होता. "सतरावं नाव तुमचं होतं, आत्याबाई. या घरात झोपून तुम्ही माह्यावर हसल्या."

मंगलाबाईंचं तोंड लाल झालं. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"तुह्यावर नाही हसली मी, पोरी. मले काय पोट दिसत नाही? तीन लेकरं काढली मी. परवा आली अन् तुह्या चालीवरूनच ओळखलं. माहा राग हिच्यावर हाय," त्यांनी सुलोचनाबाईंकडे बोट केलं. "चार महिने मले तेल पाठवाले लावलं हिनं. मी त्या तेलवाल्याच्या दारात जाऊन बसायची, माही भाचेसून हाय, चांगलं काढून द्या म्हणायची. अन् इकडं? मणक्यात काही नव्हतंच! साऱ्या गावाले खोटं सांग, पण मले? मले माह्या भावाच्या घरचा आनंद सांगावासा नाही वाटला हिले? माही नजर लागली असती का?"

"तेल चांगलं होतं, बाई," तुलाराम हळूच म्हणाले.

"तू गप्प राह्य!"

गोष्ट आता फोटोची राहिली नव्हती, हे सगळ्यांनाच कळत होतं. मेघा सासूकडे पाहत होती. सावरून घ्यायला नाही, ती आता काय बोलते याची वाट पाहत.

सुलोचनाबाईंनी हात पुढे केला. "डिंपल, दे तो मोबाइल. गटात बोलायचं कुठून असते?"

"हे बटण दाबून धरायचं."

त्यांनी बटण दाबून धरलं, मोबाइल तोंडाशी अगदी चिकटवला आणि शेतात हाक मारतात तेवढ्या मोठ्याने बोलायला लागल्या.

"मी सुलोचना बोलून राहिली. तुलारामची. सगळ्यायनं ऐका. मेघाच्या मणक्यात काहीबी नव्हतं. मी खोटं बोलली. तिले दिवस होते अन् मले भेव वाटत होता. अकरा वर्षांनी झालं, कोणाचं काय लागंल, म्हणून मी सांगतलं नाही. माह्या नणंदेले बी नाही सांगतलं, ती माही चुकी हाय. तिनं मनानं तेल पाठवलं अन् मी तिले फसवलं. आता हा फोटो पाहा. पोट हाय, नारळ नाही. माह्या सुनेच्या पोटचं पोट्टं हाय. ते होणार हाय, कोणी आणणार नाही. ज्याले शंका असंल त्यानं मले फोन करावा. सुनेले नाही, मले."

त्यांनी बोट उचललं. मोबाइल डिंपलकडे देताना त्यांनी नणंदेकडे पाहिलं नाही.

"गेलं का?"

"गेलं," डिंपल म्हणाली, आणि पाठोपाठ फोटोही पाठवला. मंगलाबाईंच्या पिशवीत दोनदा टिंग वाजलं. त्यांनी मोबाइल बाहेर काढला नाही.

"दाखव मले," मेघा म्हणाली.

घरात आरसा एकच होता, देवळीत, तोंडापुरता. दवाखान्यातल्या पडद्यावर तिने बाळाची करडी सावली पाहिली होती, पण स्वतःला अशी ती पहिल्यांदाच पाहत होती. काळ्या घोंगडीपुढे एक उंच, रुंद बाई, सावळी, ताठ, आणि तिचं मोठं, सरळ दिसणारं पोट. मेघा त्याकडे पाहतच राहिली. आपल्यालाही खरं वाटत नव्हतं, हे तिला आत्ता कळलं. इतकी वर्षं नाही, नाही ऐकल्यावर, इतके महिने लपवल्यावर, रात्रंदिवस अंगात वागवूनही तिने ते पुरतं मानलंच नव्हतं. लोकांचं काय घेऊन बसलो आपण? आणि मग सकाळपासून एकदाही न आलेलं रडू तिला आलं, भडभडून. तिने ते येऊ दिलं, आणि संपल्यावर जुन्या साडीच्या पदराने तोंड पुसलं.

"अजून एक काढ," ती डिंपलला म्हणाली.

"आता कायले? टाकला ना गटात. पाहा, चौदा जणांनी पाहिलाबी."

"तो त्यायच्यासाठी होता. हा कोणालेच पाठवायचा नाही. हा माहा."

ती पुन्हा घोंगडीपुढे जाऊन उभी राहिली. तिच्या धक्क्याने घोंगडीचं एक टोक खुंटीवरून सुटलं आणि मागची भिंत उघडी पडली. सुलोचनाबाई उठेपर्यंत मंगलाबाईंनी चपला काढल्या, पोत्यावर एक पाय दिला आणि ते टोक हाताने वर धरलं.

फाट्यावरून बसचा हॉर्न ऐकू आला.

"बाई, तुही गाडी," तुलाराम म्हणाले.

"जाऊ दे तिले," मंगलाबाई म्हणाल्या. "तू नीट काढ वं, डिंपल. घाई नको करू."